विंडोज सोडून लिनक्सवर येताना: आधी मराठी फाइली, मग बाकी सगळं

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचा जुना लॅपटॉप त्यानंतरही सुरू होतो, टायपिंग होतं, प्रिंट निघते, त्यामुळे काही बिघडलं आहे असं वाटत नाही. पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप येणं थांबलं की त्याच मशीनवर बँकेचं काम करणं धोक्याचं होत जातं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सात-आठ वर्षांपूर्वीची बरीच यंत्रं या अटीत बसत नाहीत. म्हणून सध्या नागपुरात नवा लॅपटॉप घेणारे पुष्कळ जण दिसतात, आणि त्यातले काही जण विचारतात, ‘लिनक्स घेतलं तर चालेल का?’

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत प्रणाली, आणि ती बहुतेक घरांत चालते. हा लेख त्यांच्यासाठी आहे: शिक्षक, निवृत्त मंडळी, लहान दुकानदार, सोसायटीचे सचिव, विद्यार्थी. ज्यांचं काम ब्राउझर, पत्रं, तक्ते, फोटो आणि थोडी छपाई यात मावतं, ते सगळे. मी इथे लिनक्स मिंट ही आवृत्ती धरून सांगतो आहे, कारण विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिचा पडदा पाहून बिचकायला होत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघडलेल्या खिडक्या. मिंटची २२वी मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

एक अट मात्र मनापासून सांगतो. नवा लॅपटॉप आला म्हणून जुना त्याच दिवशी विकू नका, पुसू नका, मुलाला देऊ नका. निदान महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी असू द्या. लोक अडकतात ते नवी प्रणाली अवघड असते म्हणून नव्हे, तर जुन्या मशीनमध्ये नेमकं काय होतं ते त्यांना ते मशीन गेल्यावर आठवतं म्हणून. आणि मराठी माणसाच्या बाबतीत ती आठवण बहुतेक वेळा जुन्या मराठी फाइलींची असते.

आधी वही घ्या

आठवडाभर लॅपटॉपवर जे जे उघडाल ते वहीत लिहा. कोणता प्रोग्रॅम, कशासाठी, त्याला काही जोडावं लागलं का. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन, दुकानातलं बारकोड वाचणारं यंत्र, सगळं.

या यादीत टॅली असेल आणि हिशेब रोज त्यावरच होत असेल, तर मी सरळ सांगेन: विंडोज ११च घ्या. डिजिटल सहीचा टोकन वापरून रोज कागद दाखल करणारे वकील आणि सीए यांनाही हाच सल्ला. टोकनचे ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतात, पण सरकारी संकेतस्थळांची सही करणारी साधनं बहुतांशी विंडोज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात, आणि मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. इतवारीतल्या किंवा कळमन्याच्या व्यापाऱ्याने दुकानाचं मशीन विंडोजवर ठेवून घरचं लिनक्सवर आणलं, तर ती चांगली विभागणी आहे.

वेळही निवडून घ्या. मार्चअखेर नको. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर परीक्षेचा काळ नको. निवेदनं आणि अर्ज टाइप करण्याचं काम असेल तर हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, मुळीच नको. त्या दिवसांत बर्डी-सिव्हिल लाइन्सच्या टायपिंगवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

जुन्या मराठी फाइली ओळखणं

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे डीव्हीबी फॉन्ट यांत टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण फाइलीच्या आत तो मराठी नसतो. आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोळा उरतो. हे विंडोज ११वरही होईल आणि लिनक्सवरही होईल. दोष प्रणालीचा नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. जुन्या लॅपटॉपवर फाइल उघडा, एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी तशीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आहे आणि तो कुठेही उघडेल. अक्षरांची खिचडी झाली तर ती जुन्या फॉन्टची फाइल. पाहून झालं की फाइल जतन न करता बंद करा.

अशा फाइलींचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात फक्त जपून ठेवायच्या: जुनी पत्रं, संपलेली प्रकरणं, वडिलांनी लिहिलेल्या आठवणी, छापून झालेली स्मरणिका. यांचं रूपांतर करत बसू नका. जुन्या लॅपटॉपवरच त्यांची पीडीएफ करा आणि ती पीडीएफ फोनवर पाठवून उघडून बघा. फोनमध्ये कृतिदेव नसतो, त्यामुळे तिथे नीट वाचता आली तर फॉन्ट पीडीएफमध्ये सामावला गेला आहे याची खात्री पटते. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या पत्रिका आणि अंक यांच्यासाठी हा टप्पा चुकवूच नका. लिनक्सवर लिब्रेऑफिस हा पत्रं-तक्त्यांचा मोफत प्रोग्रॅम पेजमेकरच्या फाइली थोड्याफार उघडू शकतो, पण मांडणी जशीच्या तशी येईल याचा भरवसा नाही.

दुसऱ्या ढिगात पुन्हा लागणाऱ्या फाइली: सोसायटीचे सूचनापत्र, शाळेचे प्रश्नपत्रिकांचे नमुने, भाडेकराराचा मसुदा. यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं. कृतिदेवसाठी रूपांतर करणारी साधनं सहज मिळतात. श्रीलिपीचं थोडं खटपटीचं असतं, कारण तिचे फॉन्ट आणि त्यांची अक्षररचना अनेक प्रकारची आहे. ज्यात लोकांची नावं, पत्ते, खटल्याचा मजकूर आहे असं काही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. त्यासाठी संगणकावर उतरवून, इंटरनेट बंद ठेवून चालणारं साधन शोधा.

रूपांतरानंतर एकदा नीट वाचा, आणि ठरावीक जागी डोळे रोखून वाचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप होते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे ‘स्थिती’, ‘व्यक्तिगत’, ‘निश्चित’ अशा जोडाक्षरांत ती चुकीच्या जागी जाऊन बसते. रफाराचं असंच: ‘कार्य’, ‘वर्ष’, ‘मार्च’ तपासा. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यातला र तपासा. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ तपासा. तक्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. एका रकान्यात मराठी नावं आणि दुसऱ्यात साधे इंग्रजी शब्द किंवा कोड असतील, आणि पूर्ण तक्ता एकदम रूपांतरात टाकला, तर इंग्रजीचाही चुथडा होतो. रकाना रकाना वेगळा घ्या.

मूळ फाइल पुसू नका. नव्या फाइलीच्या नावात ‘युनिकोड’ असा शब्द घालून दोन्ही ठेवा.

खरेदी करताना

बर्डीवर घ्या, सदरला घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पण काही गोष्टी आधी विचारून घ्या. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको, जमलं तर १६. साठवणीसाठी एसएसडीच हवी. ५१२ जीबी घरासाठी पुरते. रॅम नंतर वाढवता येते की बोर्डावरच पक्की बसवलेली आहे हे विचारा, कारण हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती वाढवता येत नाही. आणि थेट विचारा: ‘डॉस किंवा उबुंटूवालं मॉडेल आहे का?’ काही मॉडेल विंडोजशिवाय विकली जातात आणि स्वस्त पडतात. लिनक्सच टाकायचं आहे तर विंडोजचे पैसे कशाला द्यायचे?

विंडोजसकटच घेत असाल तर दुकानदाराला सांगा की पहिल्यांदा सुरू करताना खातं माझंच टाका. विंडोज ११ होम सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, आणि घाईत दुकानातल्याच कुणाचा ईमेल टाकला जातो. नव्या मशीनवर डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ अंकी चावी त्या खात्यात जमा होते. चावी दुसऱ्याच्या खात्यात असणं तुम्हाला परवडणारं नाही. पुढे विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल, तर ही चावी आधी कागदावर उतरवून घ्या.

फाइली हलवणं

बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठी पेन ड्राइव्ह घ्या. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सगळ्यांना आठवतात. विसरतात ते डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह. नकल झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरचे गुणधर्म उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा, मग पाच-सहा फाइली कुठूनही उचलून उघडा. विंडोजच्या डिस्क मिंट सहज वाचतं.

ब्राउझरमधले पासवर्ड वेगळे काढायला लागतात. ब्राउझर ते एका साध्या फाइलीत काढून देतो. नव्या मशीनवर घेतल्यावर ती फाइल दोन्हीकडून लगेच पुसा, कारण त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. फायरफॉक्सचं खातं वापरत असाल तर तेवढंही करायला नको, नव्या मशीनवर त्याच खात्याने आत गेलं की पासवर्ड आणि बुकमार्क आपोआप येतात.

मिंट टाकणं

जुन्या लॅपटॉपवर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सिनॅमन या मुख्य आवृत्तीची फाइल उतरवा. ती जवळजवळ ३ जीबीची आहे. ८ जीबीची पेन ड्राइव्ह घ्या आणि रूफस किंवा बलेना एचर या मोफत साधनाने त्या फाइलीची पेन ड्राइव्ह तयार करा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल.

नव्या लॅपटॉपला ती लावा, सुरू करा आणि लगेच बूट मेनूचं, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीचं, बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर ते बहुधा एफ१२ असतं, एचपीवर एफ९, एसूसवर एस्केप. पेन ड्राइव्ह निवडली की काही वेळात मिंटचा पूर्ण डेस्कटॉप दिसेल. अजून डिस्कवर काहीही गेलेलं नाही, हे लक्षात ठेवा. इथेच अर्धा-एक तास थांबा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतोय का, उजेड कमी-जास्त करायची बटणं काम करतात का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. अगदी नव्या मॉडेलवर वायफायची चिप कधी कधी ओळखली जात नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला इंटरनेट मिळतं, आणि मिंट बसवून झाल्यावर अपडेट घेतलं की बरेचदा वायफायही सुरू होतं.

सगळं पटलं की डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चित्र उघडा. मेनूची भाषा मी सुरुवातीला इंग्रजीच ठेवायला सांगतो. मराठी मेनू आहेत, पण भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही, आणि अडल्यावर मदत शोधताना इंग्रजी नावं हाताशी असलेली बरी. मराठी टायपिंगशी याचा काहीही संबंध नाही. मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करा. वेळेच्या नकाशात मुंबई किंवा नागपूर सापडणार नाही. भारताची वेळ कोलकाता या नावाखाली आहे.

डॉसवाला लॅपटॉप असेल तर ‘डिस्क पुसून मिंट टाका’ या अर्थाचा पर्याय निवडायचा. विंडोज ठेवायचं असेल तर शेजारी बसवण्याचा पर्याय. यादीत डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका, इंटेलच्या काही मशीनवर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी किंवा आरएसटी नावाची सोय चालू असते आणि त्यामुळे डिस्क झाकली जाते. विंडोज नको असेल तर ती बंद करून पुढे जा. विंडोज ठेवायचं असेल तर मात्र स्वतः हात लावू नका, कारण सोय नुसती बंद केली की विंडोज सुरू होईनासं होऊ शकतं. हे काम जाणकाराकडून करून घ्या.

पहिल्या संध्याकाळी

अपडेट मॅनेजर उघडून सगळ्या दुरुस्त्या घ्या. ड्रायव्हर मॅनेजर एकदा बघा. मग टाइमशिफ्ट उघडून पहिली नोंद घ्या. पुढे काही बिघडलं तर प्रणाली त्या क्षणाला परत नेता येते. टाइमशिफ्ट फक्त प्रणाली सांभाळतं, तुमचे फोटो आणि पत्रं नाही. त्यांच्यासाठी मिंटमध्येच बॅकअप टूल आहे. ती बाहेरची डिस्क आठवड्यातून एकदा जोडायची सवय लावून घ्या.

नवे प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. संकेतस्थळावर दिसेल ते उतरवून टाकायची विंडोजवरची सवय इथे सोडायची आहे.

मराठी टायपिंग

सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट, मग अधिकचं चिन्ह. यादीत मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक असे पर्याय सापडतील. हवा तो घ्या आणि इंग्रजी-मराठी बदलायला एक बटणजोड ठरवा.

रेमिंग्टनवर हात बसलेला असेल, म्हणजे टंकलेखनाची परीक्षा देऊन आलेले असाल, किंवा इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची सवय असेल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि त्याचं एम१७एन हे जोडसाधन घ्या. त्यात रेमिंग्टन आणि इंग्रजी उच्चारावर चालणारे प्रकार आहेत.

पण ज्यांचा हात अजून कुठेच बसलेला नाही त्यांना मी आग्रहाने इन्स्क्रिप्ट शिकायला सांगतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘के’च्या बटणावर क, शिफ्ट धरला की ख. ‘डी’वर हलन्त, म्हणजे जोडाक्षर करायचं चिन्ह. ‘एन’वर ल, शिफ्टने ळ. ‘जे’वर र, आणि शिफ्टने ऱ, ज्यावरून ‘दुसऱ्या’ सरळ टाइप होतं. मांडणी एकदा कळली की ती विंडोजवर चालते, मिंटवर चालते, आणि हिंदीसाठी वेगळं शिकावं लागत नाही. रोज थोडा सराव केला तर दोन-तीन आठवड्यांत बोटं आपोआप जातात. पंच्याहत्तरीच्या घरातली माणसंही हे शिकतात, हे मी पाहिलेलं आहे.

लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या पर्यायांत जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला खूण करा आणि तिथे हिंदीऐवजी मराठी निवडा. ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं दिलेली आहेत, त्यात भाषा मराठी असली की ती रूपं उमटतात. नोटो आणि मुक्ता हे दोन मोफत फॉन्ट रोजच्या पत्रांना चांगले शोभतात.

दुसऱ्याला फाइल पाठवताना विचार करून पाठवा. त्याने त्यात बदल करायचे असतील तर वर्डच्या रूपात जतन करून द्या, नुसती वाचायची असेल तर पीडीएफ.

प्रिंटर

एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर चांगले चालतात. लेझरजेट १०२०सारख्या काही मॉडेलना एक जास्तीचा प्लगइन लागतो. तो एचपीच्या लिनक्स साधनातूनच उतरतो. ज्या प्रिंटरने मी लोकांना थकलेलं पाहिलं आहे तो म्हणजे कॅननचा एलबीपी २९००. आपल्याकडे दुकानांत आणि कचेऱ्यांत तो पुष्कळ आहे, मजबूतही आहे, पण त्याची भाषा कॅननची स्वतःची असल्याने लिनक्सवर बसवणं किचकट जातं. तो घरात असेल आणि बदलायचा नसेल, तर जुना लॅपटॉप छपाईपुरता टेबलावर ठेवा, इंटरनेट न जोडता. पीडीएफ पेन ड्राइव्हवरून द्यायची आणि छापायची.

व्हॉट्सॲप, बँक, रेल्वेचं तिकीट, डिजिलॉकर हे ब्राउझरमध्ये नेहमीसारखंच. सिनेमे लागले नाहीत तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डीआरएमची, म्हणजे संरक्षित व्हिडिओ चालवायची, परवानगी द्या.

नागपूरचा उन्हाळा

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५च्या पुढे जातं आणि कूलर बंद असलेली खोली दुपारी सहज त्या मर्यादेपलीकडे असते. लिथियमच्या बॅटरीला सर्वात जास्त त्रास होतो तो पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आल्यावर. म्हणून बायोसमध्ये किंवा कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती मार्चमध्येच लावून टाका. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका. कूलरच्या थेट झोतातही नको, तिथे ओलावा आणि धूळ दोन्ही पंख्यातून आत ओढली जातात. गाडीच्या डिकीत दुपारभर तर नकोच नको.

चार्जिंग चालू असताना धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घरच्या अर्थिंगकडे लक्ष द्या. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जोडणीत घालून वापरू नका, आणि इलेक्ट्रिशियनकडून तो सॉकेट तपासून घ्या.

जुना लॅपटॉप देताना

महिन्याभरात वहीतली प्रत्येक ओळ नव्या मशीनवर एकदा तरी करून झाली की जुना मोकळा करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरीखाली ‘रीसेट धिस पीसी’, त्यात सगळं काढून टाकायचा पर्याय आणि पुढे ड्राइव्ह स्वच्छ करायची खूण. याला काही तास लागतात, चार्जर लावून ठेवा. त्यावरही मिंट टाकून एखाद्या विद्यार्थ्याला देता येतो. ४ जीबी रॅम असेल तर सिनॅमनऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मशीन अगदीच मोडलं असेल तर हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. बाकीचं रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरा घेणाऱ्याला द्या. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, आणि देताना तसं आधी सांगा.